निरामिष आमिष

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच मांसाहारी जेवण सामिष आणि शाकाहारी निरामिष. गळाला मांसाचा तुकडा लावायचा, म्हणून त्या तुकड्याला आमिष म्हणायचं. पुढे हा शब्द इतका पसरला, की आता निवडणुकीआधी वाटलेल्या कुकरलाही आमिष म्हणतात आणि त्यात मांस शोधायला कोणी जात नाही. त्या हिशोबाने लाकडाचा मासा कोरून गळाला लावणं म्हणजे निरामिष आमिष. इंग्रजीत त्याला लुअर म्हणतात आणि आपल्याकडचे हौशी गळवालेही आता तोच शब्द वापरतात.

माझा या विषयाशी संबंध मामामुळे आला. मामा रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी गळ टाकतो. जिताड्याला जिवंत कोळंबी लागते आणि ती धरण्यात मामाची निम्मी सकाळ जाते. भरती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे कोळंबी मिळेपर्यंत कधीकधी वेळच टळते. मी त्याच्यासाठी ऑनलाइन एक लुअर मागवला. किंमत ऐकून मामा म्हणाला, “अरे, एवढ्या पैशात आख्खा जिताडा येतो.” मग आपणच एक करून बघू, असं मी ठरवलं. काम करण्याआधी त्याबद्दल वाचत बसायचं ही माझी जुनी खोड. चाकू हातात घेईपर्यंत सहा महिने गेले, पण त्या सहा महिन्यांत एक माणूस सापडला.

त्याच्याआधी दोन गोष्टी थोडक्यात. जपानच्या दक्षिणेकडे, कागोशिमा आणि अमामीच्या बाजूला, माकूल पकडायला लाकडाची कोळंबी वापरतात. तिला ‘एगी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आमिष-लाकूड. ही परंपरा एदो काळातली. कोणा कोळ्याच्या हातून जळतं लाकूड समुद्रात पडलं, त्याला माकलाने मिठी मारली आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या डोवाजॅक गावचा जेम्स हेडन हा मधमाश्या पाळणारा गृहस्थ. मित्राची वाट बघत तळ्याकाठी काडी तासत बसला होता. तासलेली काडी त्याने सहज पाण्यात फेकली आणि एका माशाने तिच्यावर झडप घातली. त्याने मग लाकडी बेडूक कोरून मित्रांना दिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी लुअरचा कारखाना काढला.

एका गोष्टीत जळतं लाकूड पाण्यात पडतं, दुसरीत तासलेली काडी. शोधांच्या कथांना असे अपघात फार आवडतात. सांगायला त्या सोप्या असतात आणि शोध लावणाऱ्याला त्यांत काही करावं लागत नाही. म्हणून मला तिसरी गोष्ट जास्त खरी वाटते. तिच्यात काहीच पडत नाही. एक माणूस नुसता बघत राहतो.

लाउरी रापाला १९०५ साली फिनलंडमध्ये, सिस्मा या भागात जन्मला. आडनावाची कथा अशी सांगतात, की तो सात वर्षांचा असताना आईबरोबर शेजारच्या आसिक्काला परगण्यात राहायला गेला. तिथल्या पाद्र्याला नोंद करताना आईचं आडनाव आठवेना, म्हणून ज्या वाडीतून ती आली होती त्या वाडीचं नाव त्याने लिहून टाकलं. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल. आपल्याकडच्या चिखलीसारखंच गावाचं नाव. जगभरच्या दुकानांत ज्या नावाने महागडे लुअर विकले जातात, ते नाव म्हणजे एका गरीब बाईच्या नोंदीतली कारकुनी सोय.

लाउरीने १९२८ साली एल्मा लेप्पानेनशी लग्न केलं. काही वर्षं सासुरवाडीला काढून दोघं रीहिलाहती या ठिकाणी, पाइयान्ने सरोवराच्या काठी राहायला आली. हे सरोवर सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. मुंबई आणि पुण्यात सरळ रेषेत जेवढं अंतर आहे तेवढं. (आज हेलसिंकीच्या नळांना याच सरोवराचं पाणी बोगद्यातून येतं.) लाउरी हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड करायचा, एरवी शेतमजुरी आणि उन्हाळ्यात मासेमारी. तिसाव्या दशकातली मंदी, घरात वाढती पोरं. मासा मिळाला तर पैसा.

त्याची मासेमारी मुख्यतः लांब दोरीची. एका दोरीला शेकडो गळ, आणि प्रत्येक गळाला एक लहान मासोळी. म्हणजे मोठे मासे पकडायच्या आधी शेकडो छोटे मासे पकडायचे, ते एकेक करून गळाला लावायचे, आणि खाल्ले गेले की परत लावायचे. इथे मला मामाची कोळंबी आठवली. आमिषाची खरी किंमत पैशांत नसून वेळेत असते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही जेव्हा म्हणतो की हे काम ऑटोमेट करू, तेव्हा त्यामागे बहुतेकदा कंटाळा असतो. लाउरीच्या मागे भूक होती.

वल्हवता वल्हवता तो पाण्यात बघायचा. काठालगत लहान मासोळ्यांचे थवे असायचे आणि पाइक, ट्राउट हे मोठे मासे त्यांच्यावर टपलेले असायचे. त्याच्या लक्षात आलं, की टपलेला मासा थव्यातल्या कुठल्याही मासोळीवर धावत नाही. जी जरा वाकडी पोहते, जिचा तोल किंचित गेलेला आहे, जी जखमी आहे, तिच्यावर तो थेट जातो. धडधाकट मासोळीच्या मागे धावण्यात ताकद वाया जाते. वाकडी पोहणारी म्हणजे हमखास जेवण.

एवढंच. पण आमिष करणारा माणूस साधारणपणे उलट विचार करतो. हुबेहूब डोळे, खवले, रंग, सगळं कसं जिवंत वाटलं पाहिजे. लाउरीने माशाच्या रूपाऐवजी त्याच्या पोहण्यातला बिघाड कोरायचा ठरवला.

१९३६ साली त्याने पहिला जमलेला लुअर केला. बुचाचा तुकडा घेतला, चांभाराच्या रापीने तासला आणि घासून गुळगुळीत केला. (रापाला आणि रापी हा निव्वळ योगायोग, पण मराठी वाचकाला तो टाळता येत नाही.) वरून चीज आणि चॉकलेटला गुंडाळलेला चांदीचा कागद चिकटवला. वार्निश घ्यायला पैसे नव्हते, म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. पाठ काळी, कुशी सोनेरी, पोट पांढरं. घरातल्या कचऱ्यातून जेवढं निघेल तेवढ्यात मासा बसवलेला. ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शोधापेक्षा त्या घराची जास्त कल्पना आली. चॉकलेटचे कागद जपून ठेवणारं घर म्हणजे रोज चॉकलेट खाणारं घर नव्हे.

हा लाकडी किंवा बुचाचा मासा डुलतो कसा, हे जरा सांगायला हवं, कारण सगळी कलाकुसर तिथेच आहे. लुअरच्या तोंडाशी एक तिरकी पट्टी असते, जीभ बाहेर काढल्यासारखी. दोरी ओढली की पाणी त्या पट्टीवर दाबतं आणि लुअर नाक खाली करून बुडी मारतो. पट्टीच्या कडांवरून सुटणारं पाणी आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे भोवरे सोडतं, त्यामुळे डोकं इकडून तिकडे ढकललं जातं. पोटात शिसं असेल तर ते दर वेळी त्याला सरळ करायला बघतं. या दोन्हींच्या ओढाताणीत लुअर डुलतो. शेपटी न लावलेला पतंग वाऱ्यावर जसा डोकं हलवत राहतो, साधारण तसंच. पाण्यातली ही थरथर माशाला दिसण्याआधीच कळते, कारण त्याच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचं इंद्रिय असतं आणि ते पाण्याची हालचाल टिपतं.

आता लाकूड का? जड वस्तूला हलवायला जोर लागतो. हलकं लाकूड असेल तर अगदी हळू ओढलं तरी डुलणं सुरू होतं. लाउरीची बोट वल्ह्यांची होती, तिचा वेग माणसाच्या दंडातून येणार. हळू चालणाऱ्या बोटीमागेही जो जखमी वाटेल तोच लुअर त्याच्या कामाचा. म्हणून आधी बूच आणि पुढे बाल्सा. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, वजनाला पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं. पण निसर्गातली कोणतीच वस्तू एकसारखी नसते. एकाच फळीतले दोन तुकडे वेगळे निघतात, एकाचा रेषा-दोरा घट्ट तर दुसऱ्याचा सैल. त्यामुळे लाउरी प्रत्येक लुअर पाण्यात ओढून बघायचा आणि तोंडाची तार किंचित वाकवून त्याचं डुलणं ठीक करायचा. आम्ही शंभरातले पाच नमुने तपासून बाकीच्यांवर विश्वास ठेवतो. इथे प्रत्येक नग तपासल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

१९३९ ते १९४४ या काळात फिनलंड सोव्हिएत रशियाशी दोनदा लढलं. त्या दिवसांबद्दल मी जे वाचलं त्यात ऐकीव गोष्टीच जास्त, म्हणून ते सोडतो. युद्धानंतर मुलं हाताशी आली आणि घराचाच कारखाना झाला. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या परदेशी पाहुण्यांबरोबर काही लुअर देशाबाहेर गेले. १९५९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटाचा रॉन वेबर नावाचा विक्रेता एका फिनिश वंशाच्या मित्राबरोबर मासेमारीला गेला, आणि मित्राने त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मासे धरले. वेबर आणि त्याचा भागीदार रे ऑस्ट्रॉम यांनी फिनलंडला पत्र लिहून माल मागवला.

मग ऑगस्ट १९६२. ‘लाइफ’ साप्ताहिकात या लुअरवर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मॅरिलिन मन्रो होती, कारण नुकताच तिचा मृत्यू झाला होता. तो अंक अमेरिकेत घरोघरी गेला. मन्रोसाठी अंक घेतलेल्या लाखो लोकांनी पानं उलटताना फिनलंडच्या लाकूडतोड्याबद्दल वाचलं. मागणीची पत्रं पोत्यांनी आली, आकडा तीस लाखांचा सांगतात. माल एवढा तुटपुंजा होता, की काही दुकानदार म्हणे लुअर विकण्याऐवजी अनामत घेऊन दिवसाच्या भाड्याने द्यायचे.

ही सगळी हकीकत मुख्यतः कंपनीनेच जपलेली आहे आणि कंपनीचा इतिहास म्हणजे जाहिरातीचा चुलतभाऊ, हे मला कळतं. त्यात लाउरी सदैव बोटीत असतो, धुक्यात, एकटा. पण मंदीच्या दिवसांत नवरा दिवसभर वल्हवत असताना ते घर कोणी चालवलं? एल्माच्या वाट्याला त्या कथेत लग्नाचं साल आणि मुलांची नावं एवढंच येतं. शिवाय कथेतला एकटेपणाही अर्धाच खरा. लाउरीबरोबर टोइवो पिल्वालाइनेन नावाचा मित्र असायचा, कधी एक वल्हवायचा, कधी दुसरा. रोज बोटीत समोर बसलेल्या माणसाने कधी एखादी सूचना केली नसेल, हे मला पटत नाही.

लाउरी १९७४ साली गेला. तोवर प्लास्टिकचे लुअर सगळीकडे झाले होते. साच्यातून निघणारा प्रत्येक नग सारखा, वजन ठरलेलं, आत खुळखुळणाऱ्या गोळ्या. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, ते मजबूत असतात आणि मासे त्यांनाही लागतात. पण लाकडी लुअर आजही बनतात, आणि प्रत्येक नग पाण्याच्या टाकीत ओढून, गरज पडली तर हाताने तार वाकवून मगच बाहेर जातो, असं कंपनी सांगते. हे वाक्य मी जाहिरात म्हणून वाचलं होतं. स्वतः करायला घेतल्यावर समजलं की लाकूड वापरायचं तर ती सक्तीच आहे.

बाल्सा आणायचा कुठून? मामाच्या कुंपणाला पांगारा आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी हे लाकूड वापरतात, हलकं आणि कोरायला मऊ. सुकलेली फांदी घेतली. रापी नव्हती, पेपर कापायचं कटर आणि कानस यांवर भागवलं. तोंडाची पट्टी जुन्या सीडीतून कापली, ते पॉलिकार्बोनेट असतं आणि सहज मोडत नाही. चॉकलेटचा कागद लावला, वरून बहिणीचं रंगहीन नेलपॉलिश. पहिला लुअर पाण्यात पडल्या पडल्या पोट वर करून तरंगला. दुसऱ्यात शिसं जास्त झालं, तो खाडीच्या तळाशी आहे. तिसरा ओढला की भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. चौथा डुलत होता, पण डावीकडे पळायचा. मी कागदावर बाण काढून कुठलं बल कुठे लागतंय हे मांडत होतो, तेवढ्यात मामाने तो हातातून घेतला, पकडीने तोंडाची तार जेमतेम केसभर उजवीकडे वाकवली आणि जेटीवरून परत ओढून बघितला. सरळ आला. त्याने कधी लुअर वापरला नव्हता, रापालाचं नावही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कोळंबी न धरताच भरतीला गेला. दहाच्या सुमारास रिकाम्या हाताने आला. लुअरच्या पोटावरचं नेलपॉलिश खरवडलं गेलं होतं, माशाने की खडकाने, ते काही ओळखता येईना. मामाने तो गोड्या पाण्याने धुतला, फडक्याने पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पांगाऱ्याची अजून फांदी काढून ठेवू का?”