मद्रासच्या आकाशातली ‘आशिया’

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरत आहेत. त्यांतल्या ६७ व्या क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव ‘आशिया’. नाव एवढ्या मोठ्या खंडाचे, पण व्यास जेमतेम ६० किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या पूर्व-पश्चिम रुंदीएवढा! मग हे नाव त्याला मिळाले कसे?

१ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झीला ‘सेरेस’ सापडला. त्यानंतरची ६० वर्षे लघुग्रहांचे सगळे शोध युरोप-अमेरिकेतल्या वेधशाळांतून लागले. १८६१ च्या सुरुवातीला नॉर्मन पॉग्सन हा इंग्रज खगोलज्ञ मद्रासच्या वेधशाळेत रुजू झाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलच्या रात्री त्याला हा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह. ग्रीक पुराणात ‘आशिया’ नावाची एक देवताही आहे, त्यामुळे देवतांची नावे देण्याची रीतही पाळली गेली आणि खंडाचा मानही राहिला.

त्या काळी हे काम किती चिकाटीचे होते पाहा. दुर्बिणीतूनही लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो. आकाशाच्या एका तुकड्यातले तारे नकाशाशी ताडून पाहायचे, नकाशात नसलेला ठिपका दिसला की पुढच्या रात्री तो सरकला का ते तपासायचे. सारी भिस्त डोळ्यांवर. छायाचित्रावरून पहिला लघुग्रह सापडला तो डिसेंबर १८९१ मध्ये. पॉग्सन त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासलाच वारला होता.

‘आशिया’ सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटरवर आहे. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला पावणेचार वर्षे लागतात, स्वतःभोवती फिरायला सुमारे १६ तास. तो दगडी जातीचा आहे आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पॉग्सनने पुढे मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधले. त्यांतल्या ‘सिल्व्हिया’ला दोन चंद्र असल्याचे २००५ साली जाहीर झाले. दोन चंद्रांचा तो पहिलाच ज्ञात लघुग्रह.

पण वाचकहो, मला या कथेत आणखी एक नाव महत्त्वाचे वाटते. चिंतामणी रघुनाथाचारी. पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले हे गृहस्थ पॉग्सन येण्याच्या आधीपासून त्या वेधशाळेत नोकरीला होते. १८६७ साली त्यांनी ‘आर रेटिक्युली’ हा तेज बदलणारा तारा शोधला आणि तो शोध त्यांच्याच नावावर नोंदला गेला. १८७२ साली ते लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले. एवढे होऊनही घरचे पंचांग त्यांनी टाकून दिले नाही. प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग त्यांनी काढले. महाराष्ट्रात केरोपंत छत्रे त्याच सुमारास पंचांगसुधारणेच्या मागे लागले होते.

लघुग्रहाला नाव आमच्या खंडाचे मिळाले, ही पॉग्सनची आठवण. पण नुसत्या भूमीचे नाव आकाशात जाणे वेगळे आणि त्या भूमीतल्या माणसाचे नाव शोधाच्या नोंदीत लागणे वेगळे. दोहोंमध्ये अवघी ६ वर्षे गेली. ‘आशिया’ची गोष्ट सांगताना ती ६ वर्षेही सांगायला हवीत.