तारापूरच्या तटाखालची माणसे

एखादी विहीर किती जुनी, असे विचारले तर आजोबा सन सांगत नसत. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, वेळची की फिरंगी गेल्यानंतरची, एवढेच सांगत. सालवडच्या आमच्या घरात काळावर ओढलेली हीच एक मोठी रेघ होती. आज सालवड म्हटले की बोईसरची एमआयडीसी, कारखाने आणि कामगारांच्या बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. पण माझ्या लहानपणी संध्याकाळी ओटीवर म्हातारी माणसे जमली की बोलणे फिरत फिरत तारापूरच्या किल्ल्यावर यायचेच. पेशव्याचा भाऊ चिमाजी आप्पा याने सुरुंग लावले, तट फुटला, आणि फिरंगी तलवार हातात घेऊन शेवटपर्यंत लढला. हे शेवटचे वाक्य आजोबा अदबीने म्हणत. शत्रूला कमी लेखून लढाईची गोष्ट सांगायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

आत्याआजीच्या गोष्टीत चिमाजी आप्पा क्वचितच येई. तिच्या गोष्टीत तटाखाली माती उपसणारे बेलदार होते, खाडीची भरती-ओहोटी सांगणारे मांगेले होते, लष्कराला तांदूळ पोचवणारी गावे होती. आणि परत न आलेली माणसे होती. "किती मेले गं?" असे मी विचारले की ती म्हणायची, "गरिबांची मोजदाद कोण ठेवतो?"

ती मोजदाद ठेवणारे लोक होते, हे मला फार उशिरा कळले. तोवर आत्याआजी गेली होती.

इतिहास सांगतो तो असा. 1737 च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. 1739 च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव अशी ठाणी एकामागून एक पडत गेली आणि त्याच महिन्यात तारापूरही घेतले. तिथे बाजी भिवराव रेठरेकर तोंडात गोळी लागून पडला. पेशवा बाजीराव आणि चिमाजी आप्पा या दोघांच्या अगदी जवळचा हा माणूस. त्याच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले, त्यात आपला भाऊच गेल्याचे दुःख आहे. राजकारणाच्या शेकडो पत्रांमध्ये असे एखादे पत्र समोर आले की वाचणारा थबकतो. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातली फिरंग्यांची सत्ता संपली.

ही पत्रे आपल्यापर्यंत पोचली ती पुण्याच्या पेशवे दप्तरामुळे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. शंभराहून अधिक वर्षांनी, 1929 मध्ये, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ते धुंडाळायला बसले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. मोजून ठेवलेले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, होते 34,972, त्यांतले 27,332 मराठी. त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात छापून निघाले. सोळावा खंड वसईच्या मोहिमेचा. पालघर-डहाणूकडच्या प्रत्येक वाचनालयात तो असायला हवा, असे मला मनापासून वाटते. आपल्या खाड्यांची आणि पाणवठ्यांची नावे त्यात लढाईच्या धामधुमीत वाचायला मिळतात.

निवृत्तीनंतर मी या कागदांची मोडी लिपी शिकलो. आजोबा मोडी सहज लिहीत. आमच्या पिढीपर्यंत ती शाळेतून गेली होती. पुढे एका जुन्या ग्रंथसंग्रहालयातल्या लष्करी कागदांची सूची करायला मदतनीस हवे होते, तिथे मी बसू लागलो. रुमालाची गाठ सोडायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची, घडी जिथे फाटली असेल तिथे हात लावायचा नाही. मग तक्त्यात भरायचे: लिहिणारा, घेणारा, मिती, ठिकाण, बंद किती, कसर किती लागली आहे, आणि दोन ओळींचा गोषवारा. मितीलाच वेळ लागतो. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर, हजार. शुहूर सन 1139, म्हणजे इसवी 1738-39. महिना मुसलमानी, तारीख चंद्राची. जंत्री उघडी ठेवूनच बसावे लागते. त्यात इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनेच पंचांग चालवले, म्हणून त्यांच्या कागदांत हीच वसई अकरा दिवस आधी पडते.

एके दिवशी हजेरीचा एक लांब बंद हाती आला. कुठल्याशा पथकाची गणती. प्रत्येक स्वारापुढे त्याच्या घोड्याचे वर्णन: कुमाईत, अबलख, कपाळावर टिळा, कुठला पाय पांढरा, किंमत किती. माणसाचे मात्र नुसते नाव, बापाचे नाव आणि आडनाव. याला कारण आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा; तो लढाईत पडला तर सरकारने भरपाई द्यायची, म्हणून घोडा ओळखू यायला हवा. कारण समजले तरी त्या दिवशी माझ्याने पुढे काम झाले नाही.

माणसांची नावे खुलतात ती दुसऱ्या कागदांत. लढाईत ठार झालेल्याच्या मागे राहिलेल्यांना सरकारातून नेमणूक मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. जखमींनाही पैसे मिळत. हा पैशाचा हिशेब, तेव्हा कारकून चोख: मेलेला कोण, त्याच्या मागे कोण, देणे किती. आत्याआजीला हवी असलेली मोजदाद ती हीच. अपुरी, निम्मी कसरीने खाल्लेली, आणि बेलदार-मांगेल्यांची तर त्यात नावेही सहसा नसतात; पण जी आहे ती खरी.

अडचण सूचीची आहे. अशा कागदाची नोंद जुन्या याद्यांतून 'अमुक सरदाराच्या पथकाचा हिशेब' एवढीच होते. पेशवे दप्तराचे विभागही तसेच: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी. राज्य चालवणाऱ्याला ही मांडणी सोयीची होती. पणजोबांच्या पणजोबांचा शोध घेणाऱ्याला तिचा काय उपयोग? आत पन्नास नावे असतात आणि यादीत एक, तेही आधीच प्रसिद्ध असलेले. सूचीत ज्याचे नाव चढत नाही तो कागदात असूनही कुणाला सापडत नाही.

आणि कागदच नाहीसा झाला तर काय उरते, हे पहिल्या महायुद्धाने दाखवले. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे तपासनीस उघडून वाचत, निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून घेत. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे ज्याच्या त्याच्या घरी गेली आणि गावोगाव विरली. शिपायाचे मन जगाला वाचायला मिळते, पण परक्या भाषेतून, दुसऱ्याने निवडून दिलेले.

आपल्या भागातही हेच चालले आहे. घर पाडून नवे बांधताना पेटीतले मोडी कागद निघतात, कुणाला वाचता येत नाहीत, आणि जुने कागद जाळू नयेत म्हणून ते भक्तिभावाने खाडीत सोडले जातात. माहीम-केळव्यापासून डहाणूपर्यंतच्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे, तसे करू नका. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधून ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून हेच काम चालते. कागद देणे जमत नसेल तर निदान छायाचित्रे काढून ठेवा. आणि जे कुणी याद्या करायला बसतील, त्यांनी सरदाराच्या नावावर थांबू नये. कागदाच्या पोटातले प्रत्येक नाव गावासकट सूचीत लिहावे, मग एका कागदाच्या चाळीस नोंदी झाल्या तरी चालतील.