मुदत नसलेल्या शिक्षेची कुळकथा

अखेरची तारीख निकालपत्रात लिहिली जात नाही अशा आजच्या जन्मठेपेचे मूळ काळ्या पाण्याच्या शिक्षेत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जन्मभरासाठी हद्दपारीची तरतूद होती, तरी व्यवहारात तिला वर्षांचे माप होते. विनायक दामोदर सावरकरांच्या दोन जन्मठेपांची पन्नास वर्षे झाली ती याच हिशेबाने. शिवाय अंदमानात ठरावीक काळ चांगल्या वर्तनाने काढणाऱ्या कैद्याला तिकीट मिळे, म्हणजे वसाहतीतच स्वतःच्या कष्टावर राहण्याची परवानगी.

१९५५ च्या दुरुस्तीने हद्दपारी काढून तिच्या जागी आजन्म कारावास घातला. मुदत मात्र सांगितली नाही. संहितेच्या कलम ५७ मध्ये वीस वर्षांचा आकडा होता, पण तो शिक्षेचे अंश मोजण्यापुरता. गांधीहत्या खटल्यात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे याने मिळालेली सूट धरता आपली वीस वर्षे भरली, असा दावा सर्वोच्च न्यायालयात केला. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, आणि ती कमी करायची की नाही हे शासन ठरवील. मुदत नसलेली शिक्षा खऱ्या अर्थाने येथे पक्की झाली. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम ४३३अ ने, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्याला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याखेरीज सोडू नये, असे ठरवले. चौदा वर्षांनी माणूस सुटतोच हा लोकांतला समज याच आकड्याला चिकटलेला आहे. वस्तुतः तो सुटकेचा हक्क नव्हे, सुटकेच्या विचाराचा उंबरठा आहे.

शिक्षा चालू असताना कैद्याला बाहेर येता येते ते रजेवर. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेला मराठवाड्यातील सोयगावचा परिसर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १९५९ चे फर्लो व पॅरोलचे नियम त्यालाही लागू झाले. फर्लो म्हणजे संचित रजा, शिक्षेचा काही काळ भोगल्यावर ठरावीक अंतराने मिळणारी, जिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, घरातील आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी, जिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. सोयगाव तालुक्यातील सिद्धदोष बंदी हर्सूल मध्यवर्ती कारागृहात असला, तरी त्याच्या रजेचा कागद गावच्या पोलीस ठाण्याकडे येतो. नातेवाईक जामीन राहायला तयार आहेत काय, गावात शांततेला धोका आहे काय, याची चौकशी होते, आणि आईबाप थकलेले, भाऊ ऊसतोडीला गेलेला अशा घरात जामीनदार मिळणेच अवघड होऊन बसते. प्रतिकूल अहवालाने रजा नाकारली जाते, आणि गरिबाला अडवणारी जामीनदाराची ही अट गुन्ह्याच्या गांभीर्याशी काहीच संबंध ठेवत नाही, हा या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायाचा भाग आहे.

मुदतपूर्व सुटकेचा मार्ग याहून लांबचा आहे. महाराष्ट्र शासनाने १९९२ आणि २०१० मध्ये गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला वेगवेगळी वर्षे ठरवली, त्यामुळे निदान एक अंदाज बांधता येतो. तरीही शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, कारागृहाचा व पोलिसांचा अहवाल आणि गृह विभागाचा निर्णय, इतक्या पायऱ्या चढून फाईल जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७३ ने शासनाचा हा अधिकार आणि कलम ४७५ ने चौदा वर्षांची अट कायम ठेवली आहे.