मजुराच्या भागाची कुळकथा

कर्मचारी समभाग मालकी योजना म्हणजे राबणाऱ्याला त्याच्याच कंपनीच्या भांडवलात वाटेकरी करून घेणारी व्यवस्था होय. तिचा उगम लुई केल्सो या अमेरिकी वकिलाने १९५६ साली एका वृत्तपत्र कंपनीसाठी रचलेल्या योजनेत मानला जातो. केल्सोची खरी कल्पकता खर्चाच्या मांडणीत होती: कर्मचाऱ्याच्या बचतीला हात न लावता विश्वस्त निधीने कर्ज काढून समभाग घ्यावेत आणि कंपनीने निधीत भरलेल्या रकमेतून ते कर्ज फिटावे. तथापि मजुराला मालक करण्याचा पहिला खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, सावली आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, निराळ्या वाटांनी हाताळला गेला आहे.

गांधी सेवा संघाचे अधिवेशन १९३६ साली ज्या सावलीत भरले, ते खादीचे केंद्र होते. खादीच्याच कामासाठी १९२५ साली स्थापन झालेल्या चरखा संघाच्या घटनेत ‘अ’ वर्गाच्या सभासदाची वर्गणी पैशात नसून स्वतः कातलेले दरमहा हजार वार सूत अशी होती. श्रमालाच वर्गणी मानणारी ही युक्ती असली, तरी त्यातून सभासदत्व मिळे, मालमत्तेतील भाग नव्हे. हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

भागाचा प्रश्न जंगलात अधिक उघडपणे आला. ठेकेदारांकडून होणारी आदिवासींची पिळवणूक थांबवण्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. सावली आणि गडचिरोली ज्यात मोडत, तो तेव्हाचा चांदा जिल्हा मात्र मध्य प्रांतात होता आणि १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. तोडीसाठी आखून दिलेल्या वनखंडाला कूप म्हणतात. कुपाचे गणित असे की लाकूड विकले जाण्यापूर्वीच तोडणारा, गाडीवान आणि हिशेबनीस या सर्वांचे पैसे चुकते करावे लागतात, आणि सभासदाने घेतलेल्या भागाची किंमत त्या मानाने अगदीच तोकडी पडते. म्हणून संस्थेला उभे करणारी, वाट दाखवणारी प्रवर्तक संस्था आवश्यक ठरली. पुढे गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने १९५४ साली सहकारात शासनाच्या भागीदारीची शिफारस केली आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने शासनाला संस्थांचे भाग घेण्याची मुभा दिली. अडचण सुटली खरी, पण भांडवलासोबत शासनाचे प्रतिनिधीही संचालक मंडळात येऊ लागले. केल्सोच्या योजनेत सावकार दाराबाहेर उभा राहतो, येथे तो घरात येऊन बसला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने भागाची कल्पनाच बाजूला ठेवली. वनहक्क कायदा, २००६ खाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगलाचे समभाग पाडता येत नाहीत, त्यामुळे ते विकत घेण्यासाठी कर्जही लागले नाही. आरंभीचा खर्च मात्र चुकला नाही. सीमा ठरवणे, दावा लिहिणे, अभ्यास मंडळात कायदा समजून घेणे आणि एकमत होईपर्यंत बैठका लांबवणे यांत तो गेला, आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपाने तो गावानेच भरला.