किरकोळ खाते

मी बी.कॉम. झालेला माणूस. वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब पैशापैशानं जुळवले. पण घरच्या कामांचा हिशेब म्हणाल, तर कायम सस्पेन्स खात्यात! शेवटी एक दोनशेपानी वही घातली. खतावणीच्या शिस्तीत मथळे पाडले : ‘घराची रंगरंगोटी’, ‘धाकट्याची अ‍ॅडमिशन’, ‘सोसायटीची भांडणं’ आणि उरल्यासुरल्यासाठी ‘किरकोळ’.

पुढं रंगाऱ्याचा फोन नंबर बदलला. तो तीन पानांवर होता, मी एकाच पानावर सुधारला. परिणामी एका अनोळखी बाईंना मी दोनदा विचारलं, “दुसरा हात कधी मारताय?”

कॉम्प्युटर शिकणारी आमची कन्या वही चाळून म्हणाली, “बाबा, ही तर १९६८ सालची पद्धत!”

म्हणजे असं, की अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवायला आय.बी.एम.नं जी व्यवस्था उभारली, तिच्यात माहिती झाडासारखी असे. खोड, फांदी, डहाळी. आखलेल्या वाटेनं विचारलंत तर उत्तर झटकन; वाट सोडून विचारायचं तर कोण यातायात! मग त्याच कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञानं जून १९७० मध्ये ११ पानांचा निबंध छापला. शीर्षकात ‘डेटा बँक्स’ दिसल्यावर मी सरसावून बसलो. कॉडसाहेबांचं म्हणणं एवढंच : झाड नको, साधे तक्ते करा. एक गोष्ट एकाच जागी लिहा. तक्ते एकमेकांशी क्रमांकानं जोडा. मग कुठल्याही बाजूनं प्रश्न विचारा. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी असे प्रश्न विचारायची भाषा मांडली, तीच पुढं एस.क्यू.एल. झाली, आणि १९८१ मध्ये कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आम्हीही आयुष्यभर माणसं नंबरानंच ओळखतो. पण पुरस्कार सोडा, बढतीसुद्धा वेळेवर नाही.

कन्येनं तीन तक्ते केले : कामं, माणसं, प्रकल्प. कामाच्या ओळीत तारीख, झालं की नाही, आणि माणसाचा व प्रकल्पाचा नुसता क्रमांक. रंगाऱ्याचा फोन आता एकाच जागी.

“विचारा काहीही,” ती म्हणाली.

मी गमतीनं विचारलं, “सगळ्यात जास्त कामं कुणाची थकलीत?”

पहिलं नाव आलं : आई. अकरा कामं. सगळी ‘किरकोळ’मधली, नऊ पानांवर विखुरलेली, म्हणून एकत्र कधी दिसलीच नव्हती. चष्म्याची काडी, गुडघ्याचं तेल, गावी मावशीला फोन लावून देणं... सर्वांत जुनं, चौदा महिन्यांपूर्वीचं : ‘कानाचं मशीन दाखवणे.’ आणि आई ऐकत नाही म्हणून चौदा महिने मी तिच्यावर करवादत होतो! आमच्याकडं कर्ज नव्वद दिवस थकलं, की ते बुडीताच्या वाटेवरचं धरतात.

त्याच संध्याकाळी मशीन दुरुस्त करून आणलं. आईनं कानाला लावलं. मी सवयीनं विचारलं, “ऐकू येतंय का?”

आई दचकून म्हणाली, “अरे, ओरडतोस कशाला?”