चर खणायलाही अनुदान, बुजवायलाही अनुदान! स्कॉटलंडची योजना काय आहे?

पाणथळ म्हटलं की आपल्याला चिबड, बिनकामाची जमीन आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या सरकारनेही तसंच धरलं. मेंढ्यांना चारा वाढेल म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ दलदलीत चर खणायला अनुदान दिलं. चारा काही फारसा वाढला नाही, दलदल मात्र सुकली.

आता तेच चर अडवायला पैसे मिळतात. ‘पीटलँड अ‍ॅक्शन’ ही योजना २०१२ पासून सुरू आहे. २०२० मध्ये स्कॉटलंड सरकारने १० वर्षांसाठी २५ कोटी पौंड जाहीर केले. २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर जमीन सुधारायची, असं उद्दिष्ट आहे.

एवढा खर्च कशाला? पीट म्हणजे पाण्यात न कुजता साठलेल्या शेवाळ-गवताचा काळा थर. तो वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं! सुकला की त्यातला कार्बन हवेत जातो, माती वाहून जाते.

काम आपल्या वनराई बंधाऱ्यासारखंच. पूर्ण चर भरत नाहीत; पोकलेनने तिथलाच ओला पीट काढून ठराविक अंतरावर बांध घालतात. उतार जास्त तिथे बांध जवळजवळ. मागे पाणी तुंबतं, शेवाळ परत धरतं. अर्ज जमीनमालक, शेतकरी, संस्था करू शकतात. मात्र आधी पीटची खोली मोजून द्यावी लागते.

अशाच दलदलीचा उत्तरेतला ‘फ्लो कंट्री’ हा भाग जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.