मोडलेले पाऊल आणि खाड्याचा हिशेब



मुंबईत भायखळ्याच्या पूर्वेस, रे रोड आणि कॉटन ग्रीन या स्टेशनांच्या बाजूला घोडपदेव नावाची जुनी कामगारवस्ती आहे. तिच्या आसपास गिरण्या होत्या, कापसाची गोदामे होती, लाकडाच्या वखारी होत्या. पलीकडे दारूखान्यातले लोखंड आणि गोदी. घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतून गेलेल्या माणसांनी हा भाग भरला. तुमच्यापैकी कोणाचा आजा, कोणाचा चुलता तिथे हमाली करून आला असेल. त्याच्या पावलाविषयी आज बोलायचे आहे.

इतिहास म्हटला की आपल्याला तलवार आठवते, पाऊल आठवत नाही. पण रुईची एक गासडी साधारण 170 किलोची भरते. ती थप्पीवरून घसरून चवड्यावर आली, की बोटांमागची लांब हाडे मोडतात. माणूसच वरून खाली आला आणि टाचांवर आपटला, तर टाचेचे हाड चेचते. तेव्हा कण्यालाही इजा झालेली असू शकते, म्हणून पाठही तपासावी लागते. ओल्या फळीवर पाय वाकडा पडला, तर घोटा जातो.

मोडलेले हाड बसवावे, बांधावे आणि स्वस्थ ठेवावे, हे आपल्याकडे फार जुने ज्ञान. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वड, पिंपळ, पळस यांच्या साली आणि बांबू बांधावा, ऋतू पाहून तीन, पाच किंवा सात दिवसांनी बांधणी बदलावी, असेही तिथे आहे. पुढे 1852 साली मॅथाइसन या डच लष्करी डॉक्टराने प्लास्टरच्या पट्टीची कृती प्रसिद्ध केली. 1895 साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय 1845 सालचे, परळचे के. ई. एम. 1926 सालचे. म्हणजे उपाय होता, इस्पितळही होते. नव्हती ती सहा आठवडे घरी बसण्याची ऐपत.

लंडनचा नामांकित शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट 1756 साली घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचे हाड मोडून बाहेर आले. तो जागचा हलला नाही. तिथेच एक दार विकत घेतले, माणसे बोलावली, दारावर निजून घरी गेला. पाय वाचला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ग्रंथलेखनही सुरू केले! घोड्यावरून पडलेला पॉट पडून राहू शकला. घोडपदेवचा हमाल पडून राहिला तर खाडा, आणि खाडा म्हणजे गावी मनीऑर्डर नाही. म्हणून तो म्हणायचा, ‘काही नाही, जरासा मुरगळलाय.’ हे निदान डोळ्यांनी केलेले नसे, खिशाने केलेले असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मेख ओळखली होती. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना पाठ आहे; ती 1890 साली मिळाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. माझ्या मते वैद्यकाच्या पुस्तकांतही या मागणीला जागा हवी. नुकसानभरपाईचा कायदा आला 1923 साली, तोही अर्ध्या पगाराचा आणि पहिले दहा दिवस कोरडे ठेवणारा. कामगार राज्य विमा कायदा 1948 चा. गोदामातला हमाल तर पुष्कळदा कोणाच्याच हजेरीपटावर नसे. त्याच्यासाठी माथाडी कायदा व्हायला 1969 साल उजाडले.

आता ओळखायचे कसे? एकदा मी स्वतः जिन्यावरून पडलो आणि तीन दिवस घोट्याला तेल चोळत बसलो. चौथ्या दिवशी चित्र काढले तेव्हा बाहेरचा घोटा मोडलेला निघाला. शिकला-सवरलेला असून ही गत! कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर येणाऱ्या उंचवट्यावर, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखले, अथवा चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढावे. मधुमेह्याला दुखणे कमी जाणवते, तेव्हा त्याच्या बाबतीत यावर विसंबू नये. पाऊल वाकडे दिसले, हाड बाहेर आले किंवा बोटे गार, काळीनिळी पडली, तर चार पावलांची परीक्षा घेत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.

तोवर चोळू नये, ओढू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा, कामट्यांचा आधार द्यावा. साधा घोटा साधारण सहा आठवड्यांत सांधतो, टाचेला पुष्कळ जास्त वेळ लागतो. प्लास्टरात बोटे बधिर झाली किंवा ठणका वाढत चालला, तर सकाळची वाट पाहू नये. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक झालेला आणि सांधा आखडलेला असतो. तो सांगितल्याप्रमाणे हळूहळू हलवायचा, कुबडी एकदम टाकायची नाही.

आणि कामावर पडला असाल, तर त्याच दिवशी मुकादमाला सांगून अपघाताची नोंद करून घ्या. इस्पितळाचा कागदही जपून ठेवा.